दांतावर दांत कसा बसतो?

दांतांत सिमेंट भरून झालें, कीं दंतवैद्य वरच्या व खालच्या दांतांमध्यें रंगीत कागदाची पट्टी ठेवतो आणि चावावयास सांगतो. दांत जेथें दांताला भिडतो, तेथें निळा किंवा तांबडा ठिपका उमटतो. तो पाहून उंचवटा घासावयाचा, पुन्हां पट्टी ठेवावयाची, ही रूढ रीत होय.

कागद साधा खरा. पण काम मोठें नाजूक. मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले, तर वीसएक भागांचा अडसरहि नैसर्गिक दांतांना जाणवूं शकतो. भातांत आलेला केस चटकन् कळतो, तो उगीच नव्हे!

मग कागदाचें न्यून कोणतें? तो ‘कोठें’ हें सांगतो. ‘किती जोरानें’ व ‘केव्हां’ हें सांगत नाहीं. मोठा ठिपका म्हणजे मोठा दाब, असा समज फार दिवस रूढ होता. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मात्र ठिपक्याचा आकार व दाब यांचा भरंवशाचा मेळ बसला नाहीं. रुंद माथा हलका टेकला तरी डाग मोठा पडतो. अणकुचीदार टोंकावर भार असूनहि तो इवलासा दिसतो. शिवाय लाळेनें ओला झालेला दांत रंग नीट धरीत नाहीं.

हें न्यून भरून काढण्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘टी-स्कॅन’ नांवाचें यंत्र निघालें. त्याच्या पातळ, लवचिक पट्टींत विद्युद्वाहक शाईच्या रेघांचें जाळें असतें. ती चावतांच प्रथम कोणता दांत टेकला, मागाहून कोणता, आणि एकंदर भारापैकीं शेंकडा किती वांटा कोणावर पडला, हें संगणकाच्या पडद्यावर क्षणाक्षणानें उमटतें.

तथापि हे आंकडे तुलनेचे आहेत; प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत. पट्टीलाहि स्वतःची जाडी असते, आणि दांताच्या पृष्ठभागावर नेमकी जागा दाखविण्यास अखेर रंगीत कागदच लागतो. म्हणून एक रीत दुसरीची सवत नसून जोडीदारीण आहे.

ही सावधगिरी कशासाठीं? मोडलेलें हाड सांधतें, कातडी भरून येते; परंतु दांतावरचें कवच एकदां घासलें गेलें, कीं शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं. चुकीचा ठिपका घासला, तर तेवढें धन कायमचें गेलें. आणि खरा उंचवटा राहिला, तर घास चावतांना कळ येते.

यांत रुग्णाचाहि वांटा आहे. सुई टोंचून बधिर केलेल्या तोंडाला आपला चावा नीट उमगत नाहीं. बधिरता उतरल्यावर दांत उंच वाटला, तर ‘संवयीनें बसेल’ म्हणून सोसूं नये. पुन्हां जावें, आणि आधीं काय टेकतें, तें स्पष्ट सांगावें. कागद आणि यंत्र यांच्या जोडीला ही तिसरी साक्षहि दंतवैद्याला हवीच असते.