प्लॅनमध्ये नसलेली रात्रीची गाडी

मागचा महिना मी गायब होते, तुमच्यातल्या काहींनी मेसेज करून विचारलंतही. तर, आई-बाबांना घेऊन थायलंडला गेले होते. दोघांची पहिलीच परदेशवारी. आज त्यातल्या एकाच रात्रीबद्दल बोलणार आहे.

आधी कबुली देते. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाने ट्रिप प्लॅन केली की जे होतं तेच झालं होतं. तासातासाचं एक्सेल शीट, रंगांसकट. बँकॉक पाच दिवस आणि परत मुंबई. शेवटच्या रात्रीपुढे एक ओळ होती, 'बाबांशी बोलणे'. मला नेदरलँड्सची नोकरी मिळाली होती, ऑगस्टमध्ये जायचं होतं. आईला माहीत होतं, बाबांना नाही. म्हणजे खरं सांगायचं तर ही ट्रिप थोडी लाचच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका मॉलमध्ये. बाबा बाकावर बसलेले. मी म्हटलं, "चला, वरचा मजला बघू." तर म्हणाले, "दाखव, तुला काय दाखवायचं ते." रागाने नाही हं, अगदी शांतपणे. म्हणूनच जास्त लागलं. मी चिडले, "मग तुम्हाला काय बघायचंय ते तरी सांगा ना!"

बाबा जरा वेळाने म्हणाले, "इथं रेल्वे असते का?"

झालं, मेट्रोच्या ब्लू लाइनने बांग सूला गेलो. जुनं हुआ लाम्फोंग स्टेशन तुम्ही फोटोत पाहिलं असेल, पण जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथल्या नव्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनवरून सुटतात. २६ प्लॅटफॉर्म, एअरपोर्टसारखा चकचकीत हॉल. बाबा बोर्ड वाचत उभे. "चियांग माई, अठरा चाळीस. पोचते कधी?" मी फोनवर बघितलं, सकाळी सव्वासात. "म्हणजे रात्रभर," बाबा म्हणाले. जिलबीच्या दुकानासमोर उभा असलेला माणूस जसा बोलेल ना, तसं.

मी मनात हिशोब केला. हॉटेलचे पैसे भरलेले, परत मिळणार नाहीत. उद्याची बोट राइड गेली. आईकडे बघितलं तर ती म्हणाली, "गेले पैसे तर गेले. बीपीच्या गोळ्या हॉटेलवर आहेत, त्या तेवढ्या घेऊन येऊ."

जूनचा महिना, गर्दी कमी, तरी तीनच बर्थ मिळाले. एक खालचा, दोन वरचे. सेकंड क्लास एसी स्लीपर, माणशी साधारण हजार बाट. खालचा बर्थ जास्त रुंद, म्हणून थोडा महागही असतो. तुम्ही जाणार असाल तर आधीच ऑनलाइन काढा आणि घरात गुडघेवाले असतील तर खालचाच घ्या. बाबा त्रेसष्टचे, वरती तेच चढणार होते, कारण आईला ती शिडी जमणारच नव्हती.

प्लॅटफॉर्मवर बाबा आधी गाडी सोडून खाली रुळांकडे बघायला लागले. "अगं, ही तर मीटरगेज आहे!" मला काय कळणार? थायलंडची रेल्वे अजून मीटरगेजवरच चालते. रुळांमधलं अंतर एक मीटर. आपल्या ब्रॉडगेजचं १.६७६ मीटर. बाबा वाशिमचे. त्यांची पूर्णा–अकोला लाइन २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, आणि त्यानंतर मीटरगेजवर बसायचा योग काही आला नव्हता.

गाडी सुटल्यावर थोड्या वेळाने अटेंडंट आला. समोरासमोरच्या दोन सीट ओढून एकत्र केल्या, वरून दुसरा बर्थ खाली पाडला, गादी, धुतलेली चादर, उशी, ब्लँकेट. दोन-तीन मिनिटांत पलंग तयार. वर पडदा. आई त्या पडद्याच्या आत शिरली आणि म्हणाली, "मायबाई, खोलीच आहे की!"

आता हे ऐका. माझ्या आठवणीत आई रात्रीच्या गाडीत कधीच झोपलेली नाही. पर्स उशाखाली, बॅगेला साखळी, प्रत्येक स्टेशनला उठून "कोणतं आलं गं?" त्या रात्री साडेनऊला तिचं घोरणं ऐकू आलं. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, स्टेशनांची नावंच वाचता येत नव्हती, मग जागून करू काय?

मी पहाटे पाचच्या आसपास उठले. बाबांचा बर्थ रिकामा. माझ्या पोटात गोळाच आला. टॉयलेट बघितलं, पुढचा डबा बघितला. मागच्या बाजूला दाराच्या काचेपाशी उभे होते, शाल पांघरून. एसी भयंकर असतो, स्वेटर न्याच.

"झोपला नाहीत?"

"झोपतं कोण?" मग स्वतःहूनच बोलायला लागले. १९८३ साली नोकरीच्या परीक्षेसाठी हैदराबादला गेले होते, मीनाक्षी एक्सप्रेसने. जयपूर–काचीगुडा, मीटरगेज. जागा नव्हती, रात्रभर दाराशी ट्रंकेवर बसून. घरी सांगितलं नव्हतं, आजोबा सोडणार नाहीत म्हणून. मी विचारलं, मग? "मग काय, नाही लागली."

शेवटच्या रात्रीसाठी मी तीन वाक्यं तयार करून ठेवली होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, "बाबा, मी ऑगस्टमध्ये चाललेय. नेदरलँड्सला. नोकरी आहे."

ते काचेतून बाहेरच बघत राहिले. बाहेर उजाडत होतं, लाम्पांग मागे पडलं होतं, गाडी डोंगर चढत होती, इतकी सावकाश की बांबूचं एकेक बेट मोजता यावं. मग खुन तानचा बोगदा आला. १,३५२ मीटर. एमिल आयझेनहोफर नावाच्या जर्मन इंजिनिअरच्या देखरेखीखाली १९०७ ला काम सुरू झालं, मध्येच पहिल्या महायुद्धात सयाम जर्मनीविरुद्ध उतरला आणि जर्मन इंजिनिअर कैदेत गेले. बोगदा १९१८ ला पूर्ण झाला. हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त अंधार होता आणि काचेत आम्ही दोघं दिसत होतो.

बोगदा संपल्यावर बाबा म्हणाले, "आईला माहीत आहे?"

"हो."

"मग मलेच काहून नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीट नाही. मी नुसतीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तिकडं रात्रीच्या गाड्या आहेत का?" म्हटलं, आहेत, ॲमस्टरडॅमहून व्हिएन्नाला जाते एक. "हं," एवढंच.

चियांग माईत एकच दिवस होता. लाल सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली पिकअप, तिने डोई सुथेपला गेलो. तीनशेवर पायऱ्या आहेत, पण ट्रॉलीही आहे, आम्ही ट्रॉलीच घेतली. शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर. त्यात मांस-मासे तर नाहीतच, अंडं, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. आई म्हणाली, "म्हणजे चातुर्मासच की!" आणि दोन वाट्या नूडल्स संपवल्या. परत विमानाने आलो, तासाभराचा प्रवास, तिघंही झोपलो.

शीट मी तिसऱ्या दिवसानंतर उघडलंच नाही. नोकरीबद्दल बाबा अजून फारसं बोलत नाहीत. परवा आईकडून कळलं की व्हिसाच्या कागदांची झेरॉक्स त्यांनीच काढून आणली.

आणि हो, चियांग माई स्टेशनवर उतरल्यावर बाबांनी मला एक फोटो काढायला लावला होता. मी त्यांना इंजिनापाशी उभं करत होते तर म्हणाले, "माझा नको, रुळांचा काढ. रुंदी दिसली पाहिजे." तो त्यांनी शाळेच्या ग्रुपवर टाकलाय. वाशिमचे दोघं-तिघं अजून मानायला तयार नाहीत, म्हणतात हा पूर्णा लाइनचाच जुना फोटो आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.