पाणी नितळ, मग मासे कुठे?

तळ्याचं पाणी नितळ दिसलं की आपल्याला बरं वाटतं. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा ढिवर मात्र लगेच खूश होत नाही. नितळ पाण्यात माशाला जाळं दिसतं आणि तो वळसा घालून निघून जातो. म्हणून अशा पाण्यात जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढावी लागतात. पाणी जरा गढूळ असेल, तर तेच जाळं दिवसाही मासे देतं.

पण गढूळपणा दोन प्रकारचा असतो. एक हिरवट. तो पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे, म्हणजे प्लवकांमुळे येतो. त्यांवर सूक्ष्म जीव जगतात आणि त्या जीवांवर कटल्यासारखा मासा पोसतो. दुसरा गढूळपणा मातीचा. त्यात ऊन खाली पोचत नाही, प्लवक वाढत नाही, अंड्यांवर गाळ बसतो, कल्ल्यांना त्रास होतो. असा मासा यंदा जाळ्यात सहज येईल, पण पुढच्या वर्षी काय?

पाण्याचा नितळपणा मोजण्याची साधी युक्ती आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये वापरली. त्यानं भूमध्य समुद्रात दोरीनं तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते पाहिलं. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी वापरतात. मत्स्यशेतीच्या हिरवट पाण्यात ती साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली, तर ठीक समजतात. २० सेंटिमीटरच्या आतच नाहीशी झाली, तर प्लवक फार दाट झालेलं असतं. रात्री तेच पाण्यातला प्राणवायू वापरतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. तबकडी नसली तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का, ते पाहावं. पाणी हिरवं आहे की मातकट, हे मात्र डोळ्यांनीच ठरवायचं.

हा फरक न पाहिल्याची किंमत पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांनी मोजली, असं मला वाटतं. उत्पादन वाढावं म्हणून तिथे बाहेरच्या माशांचं बीज सोडलं गेलं. त्यातला गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, १९५९ मध्ये भारतात आला. तो पाणवनस्पती खातो. सायप्रिनस अन्न शोधताना तळ उकरतो. वनस्पतींची मुळं गाळ धरून ठेवतात. ती गेली की वारा आणि लाटा गाळ ढवळत राहतात. देशी मासे त्याच वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालतात, तो आडोसाही जातो. काठावर बेशरम माजते ती वेगळीच.

दिलासा एवढाच, की अलीकडच्या वर्षांत या भागातल्या काही गावांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावायला घेतल्या. त्यात बायकांचा मोठा वाटा आहे.

म्हणून माझी मच्छीमार सोसायट्यांना एक विनंती आहे. कोणतं बीज आणायचं, हे ठरवण्याआधी एकदा तलावात उतरा. पाणी किती खोल दिसतं आणि त्याचा रंग कोणता, ते वहीत तारखेसह लिहा. वर्षभर हे केलंत, तर आपल्या तलावात मातकटपणा वाढतोय का, हे तुमचं तुम्हालाच कळेल. मग कोणता मासा सोडायचा आणि कोणता टाळायचा, हा निर्णय सोपा होईल.