वळणावर अडणारी फोर बाय फोर



आज गाडीविषयी बोलायचं आहे. पुष्कळ गटांनी आता माल वाहायला स्वतःची गाडी घेतली आहे. डोंगरातल्या वाड्यांवरच्या गटांनी तर फोर बाय फोर पिकअप नाहीतर जीप घेतली आहे. म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी. या गाडीची एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. "ताई, सरळ रस्त्याला गाडी बरी चालते. पण बाजारात वळवायला गेलं की मागून कुणीतरी धरल्यासारखी अडते, धक्के खाते, टायर रस्त्यावर घासतात. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उघडायला लागेल."

गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे गाडी कितीतरी दिवस उभी, दूध-भाजी भाड्याच्या टेम्पोत, आणि गटाची शिल्लक त्या बिलात. म्हणून उघडायला हो म्हणण्याआधी आपण तासभर स्वतः तपास करायचा. पुष्कळदा गाडीत काही मोडलेलंच नसतं.

असं का होतं ते आधी बघू. खळ्यावर बैलांची पात फिरताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो आणि बाहेरच्या कडेचा बैल लांब लांब टाका टाकतो. फेरा एकच, पण चाल वेगळी. गाडीचंही तसंच. ओल्या मातीत गाडी वळली की तिच्या खुणा बघा. पुढची चाकं बाहेरून जातात, मागची आतून कापून जातात. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर तोडावं लागतं. डाव्या-उजव्या चाकाला आपापल्या चालीने फिरू द्यायला डिफरन्शियल असतं. पण आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत पुढचा आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये तशी सोय नसते. लिव्हर टाकला की पुढचं-मागचं एकत्र जखडलं. (चारही चाकं कायम चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांत मधलं डिफरन्शियल असतं.)

चिखलात याचा त्रास होत नाही, कारण टायर थोडा घसरतो आणि ताण निघून जातो. डांबरावर टायर घसरत नाही. मग तो ताण जातो कुठे? शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये. धुतलेलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं, तसा शाफ्टला पीळ बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते इथे अगदी लागू आहे. लिव्हर परत मागे घेतला तरी आत दात एकमेकांवर दाबून बसलेले असतात, आणि फोर बाय फोर निघतच नाही.

म्हणून पहिला प्रश्न: लिव्हर कुठे आहे? मोठ्या गिअरच्या शेजारी दुसरा लहान लिव्हर असतो, काही गाड्यांत बटण असतं. त्यावर टू एच, फोर एच, फोर एल असं लिहिलेलं असतं. डांबरावर तो टू एचवर पाहिजे. लिव्हर टू एचवर आहे आणि समोरचा फोर बाय फोरचा दिवा तरीही जळतोय, तर बहुधा आत पीळ अडकला आहे. लिव्हरला लाथा मारू नका, हे मी ड्रायव्हर भावांना मुद्दाम सांगते. गाडी सरळ आठ-दहा मीटर हळू मागे घ्या, मग पुढे, जमलं तर मातीवर. पीळ सुटला की लिव्हर अलगद निघतो आणि दिवा विझतो.

दुसरी परीक्षा मैदानात करायची. शाळेचं मोकळं मातीचं मैदान घ्या आणि एक रिकामा डांबरी तुकडा. दोन्हीकडे हळू, स्टेअरिंग पूर्ण वळवून, गोल फिरवा. एकदा टू एचमध्ये, एकदा फोर एचमध्ये. फक्त फोर एचमध्ये आणि फक्त डांबरावर अडली, तर तो दोष नाही, ती त्या गाडीची रीतच आहे. डांबरावरची ही फेरी अडल्याचं कळेपर्यंतच करा, जास्त नको. पण टू एचमध्येही अडली, तर पुढे शोधायचं. वळताना अडत नाही, नुसता कडकड आवाज येतो, तर तो पुढच्या चाकाकडचा जॉइंट असू शकतो, ती दुसरी दुरुस्ती.

आता टायर. इथेच गटांचे पैसे सगळ्यात जास्त फसतात. दोन टायर झिजले म्हणून दोनच नवे घेतले, पुढे टाकले, मागे जुनेच. हिशेब करून बघा. जीपच्या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. एका किलोमीटरला तो सुमारे 455 वेळा फिरतो. जुन्या टायरचं रबर 5 मिलिमीटरने जास्त झिजलं असेल तर त्याचा घेर तीन सेंटिमीटरहून थोड्या जास्तीने कमी भरतो. किलोमीटरला सुमारे 14 मीटरचा फरक! फोर एच टाकलेला असेल तर सरळ रस्त्यालाही पीळ बसत राहणार. शिवणाची टेप घ्या, चारही टायरचा घेर मोजा, वहीत लिहा. टायरवर छापलेला साइज चारही ठिकाणी एकच आहे का बघा. हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा. या तपासाला एक रुपया लागत नाही.

मग ब्रेक. पाच-सहा किलोमीटर, होता होईल तो ब्रेक न दाबता, गाडी चालवून आणा. उतरल्यावर प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू जवळ न्या, टेकवू नका. एकच चाक भाजतंय आणि बाकीची थंड, तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय.

शेवटची परीक्षा दोघींनी मिळून करायची. जागा सपाट, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढचं एक चाक जॅकने उचला. खाली कुणी शिरायचं नाही, आणि चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. फोर बाय फोरमध्ये जमिनीवरची चाकं ओढतात आणि गाडी जॅकवरून उडते. आता मोठा गिअर न्यूट्रल, लहान लिव्हर टू एच, आणि चाक हाताने फिरवा. फिरलं पाहिजे. फोर एचमध्ये ते अडलं पाहिजे. टू एचमध्ये सुरुवातीपासूनच घासत जड फिरलं तर ब्रेक किंवा बेअरिंग. जरासं फिरून टक् करून थांबलं तर आतला जोड सुटत नाही. तेव्हा मात्र मेकॅनिककडे जायचंच, आणि त्याला हे असंच शब्दात सांगायचं: "टू एचला चाक अडतंय, ब्रेक गरम नाही, चारही टायर एकसारखे आहेत." मग तो आधी लिव्हरची दांडी आणि ट्रान्सफर केसचं तेल बघेल. तेल आपल्यासमोर काढायला सांगा. चिमटीत घेऊन बघा, धातूचा चकाकणारा कीस लागला तर उघडण्याशिवाय इलाज नाही, आणि मग खर्चाला मन खाणार नाही.

एका गटाने याहून साधी गोष्ट केली. गाडीच्या वहीत डिझेलच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला: फोर बाय फोर कुठे टाकला, कुठे काढला. पहिल्याच महिन्यात कळलं, ड्रायव्हर ओढ्यापाशी टाकायचा आणि थेट बाजारात पोचेपर्यंत काढायचाच नाही.

ट्रॅक्टरवाल्या गटांनीही ऐकावं. फोर व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं शेतात ओढायला म्हणून मागच्यांपेक्षा मुळातच थोडी जास्त वेगाने फिरवलेली असतात. डांबरावरून ट्रॉली नेताना लिव्हर टाकलेला राहिला तर पुढचे टायर डोळ्यांदेखत झिजतात. आणि ते टायर बदलताना दुकानदार "हाच साइज चालेल" म्हणाला तरी पुस्तिकेतला साइज दाखवा आणि तोच मागा.