पडद्यावरचे युद्ध आणि पराभवाचे शिक्षण

(मालवण येथे युवक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. या दुर्गाचे महाद्वार समुद्रातून येणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. भोवतालच्या पाण्यात दडलेले खडक ज्याला ठाऊक नाहीत, त्याचे जहाज तटापर्यंत सुखरूप पोहोचणे कठीण. शत्रूला काय दिसेल, काय दिसणार नाही, तो कोठे अडकेल, याचा विचार या रचनेमागे आहे. शत्रूच्या डोळ्यांनी स्वतःच्या किनाऱ्याकडे पाहणे, हेच युद्धक्रीडेचेही मर्म होय.

आज घरोघरी एक तक्रार ऐकू येते. मुलगा संगणकासमोरून उठत नाही आणि सदा लढाईचे खेळ खेळतो. ही चिंता रास्त आहे. परंतु निवाडा करण्यापूर्वी दोन प्रकारांतील भेद ओळखला पाहिजे. एका प्रकारात बोटांची चपळाई असते. गोळी लागली की खेळाडू पडतो आणि क्षणात पुन्हा उठतो. दुसरा प्रकार वास्तवाशी इमान राखणारा असतो. २०१९ मध्ये आलेला ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ हा खेळ त्या जातीचा. त्यात पडद्यावर बहुतांशी केवळ नकाशा आणि चिन्हे दिसतात. रडार चालू केले तर शत्रू दिसण्याची शक्यता वाढते, पण स्वतःचा ठावठिकाणाही उघड होतो. इंधन मोजके, क्षेपणास्त्रे मोजकी, हवामान प्रतिकूल. खेळणारा तासभर काहीच न करता वाट पाहतो. कारण या प्रसंगी वाट पाहणे हाच योग्य निर्णय असतो. रापणीचे जाळे टाकून धीराने थांबणाऱ्या मालवणच्या दर्यावर्दी समाजाला या संयमाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. याच खेळाची व्यावसायिक आवृत्ती परदेशांतील सैन्यदले वापरतात, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

युद्धाचा खेळ भारताला नवा नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर मांडणारे चतुरंग याच भूमीत जन्मले आणि बुद्धिबळाच्या रूपाने जगभर गेले. तथापि, बुद्धिबळात दोन्ही सैन्ये पूर्णपणे दिसतात. रणांगणावर तसे घडत नाही. ही उणीव १८२४ मध्ये प्रशियन सैन्याने स्वीकारलेल्या ‘क्रीगश्पील’ या खेळाने भरून काढली. त्यात नकाशा आला आणि दोन्ही पक्षांना जेवढे दिसू शकते तेवढेच सांगणारा पंच आला.

या पंचाचे स्थान किती मोलाचे, हे १९४२ मधील दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते.

पहिला प्रसंग इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचे तांडे बुडवीत होत्या. त्या वर्षाच्या आरंभी कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी, नौदलाच्या महिला शाखेतील तरुणींच्या साह्याने, एका दालनाच्या फरशीवर अटलांटिक महासागर आखला. जहाजांच्या कप्तानांना पडद्याआड उभे करून लहानशा फटीतून तेवढेच पाहू दिले जाई, जेवढे रात्रीच्या समुद्रावर दिसले असते. या खेळातून पाणबुड्यांना शोधण्याचे नवे डावपेच निघाले. स्वतः नामवंत पाणबुडी अधिकारी राहिलेले अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळावयास बसले आणि एका तरुणीकडून सलग पाच वेळा हरले, असे सांगतात. अ‍ॅडमिरलच्या हुद्द्याने खेळाचा निकाल बदलला नाही.

दुसरा प्रसंग जपानचा. मिडवे बेटावरील स्वारीपूर्वी जपानी आरमाराने युद्धक्रीडा केली. त्यात अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात ‘अकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा निर्णय पंचाने दिला. वरिष्ठ अधिकारी उगाकी यांनी तो फिरवला, बॉम्बचे आघात कमी करून टाकले. पुढे बुडालेली ‘कागा’ही खेळात पुन्हा तरंगू लागली. ४ जून १९४२ रोजी खऱ्या समुद्रात मात्र निर्णय फिरवणारे कोणी नव्हते. ‘अकागी’ आणि ‘कागा’ यांच्यासह चार विमानवाहू नौका जपानने गमावल्या. खेळातला पराभव ज्यांना सोसवला नाही, त्यांना तो रणात सोसावा लागला.

भारतानेही या शास्त्राची उपेक्षा केलेली नाही. मालवणच्या दक्षिणेस गोव्यात, वेरे येथे, नौदलाचे ‘नेव्हल वॉर कॉलेज’ आहे. तेथील ‘चोल’ या नव्या वास्तूचे उद्घाटन ५ मार्च २०२४ रोजी झाले. युद्धक्रीडा विकसित करणारे भूदलाचे स्वतंत्र केंद्र दिल्लीत आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन याच मालवण किनाऱ्यावर साजरा झाला, तो अनेकांनी डोळ्यांनी पाहिला. त्या दिवसामागे १९७१ चे कराचीवरील आक्रमण आहे. किनारा राखण्यासाठी घेतलेल्या छोट्या क्षेपणास्त्र नौका, ज्यांचा पल्ला अपुरा, त्या शत्रूच्या दारापर्यंत नेण्याची कल्पना आधी कोणाच्या तरी बुद्धीत खेळली गेली होती, म्हणूनच ती समुद्रात यशस्वी झाली.

परंतु त्याच युद्धातील दुसरी तिथीही विसरता येत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही पाणबुडीविरोधी नौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. पडद्यावर नौका बुडते तेव्हा एक चिन्ह पुसले जाते. ‘खुकरी’ बुडाली तेव्हा शेकडो घरांतील दिवा मालवला. संगणक सर्व काही मोजू शकतो, हे मोजू शकत नाही. ते सांगण्याचे काम घराचे आहे. जो तरुण हे जाणतो, तो युद्धाची भाषा उथळपणे बोलणार नाही.

वास्तवसदृश खेळांचा आणखी एक धोका मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, दिसून आला. ‘आर्मा ३’ या खेळातील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून समाजमाध्यमांवर फिरली आणि सुशिक्षितांनीही ती पुढे पाठवली. अशा वेळी हे खेळ जाणणारा घरातला मुलगाच ‘हे खरे नव्हे’ असे प्रथम सांगू शकतो. त्याचे ऐकण्याइतका संवाद घरात असला पाहिजे.

मग पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी करावे काय? वेळेचे बंधन आणि मैदानावरचा घाम यांना पर्याय नाही. खुर्चीत बसून शरीर घडत नाही. पण त्याबरोबर मुलाशेजारी घटकाभर बसावे. ‘किती वेळ खेळलास?’ या प्रश्नापाठोपाठ ‘का हरलास?’ हाही प्रश्न विचारावा. इंधन आधी का मोजले नाही, शत्रूच्या जागी असतास तर काय केले असतेस, हे त्याला बोलू द्यावे. एखाद्या रविवारी चार तरुणांनी टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरावा, एकाने पंच व्हावे, आणि सर्वांनी एकच नियम पाळावा : पंचाचा निर्णय कोणीही फिरवायचा नाही, मग तो वयाने वा अधिकाराने कितीही मोठा असो.

जंजिरा महाराजांच्या हाती कधीही आला नाही. ही गोष्ट झाकून ठेवण्याने त्यांची थोरवी वाढत नाही. उलट, त्या अपयशाला त्यांनी दिलेले उत्तर पाहिले म्हणजे ती अधिक उजळते. जंजिऱ्यासमोरच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग उभा केला. पराभव नाकारणारे मिडवेला बुडाले. पराभव मोजणाऱ्याने समुद्रात नवा दुर्ग रचला. तरुणांच्या बोटांखालच्या खेळातून यांपैकी कोणता संस्कार रुजतो, याकडे घराघराने लक्ष द्यावयाचे आहे.