देवळाच्या वाटेवर पुस्तकांचे दुकान
(एका पुस्तक-दुकानाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मंगेशीच्या वाटेवर फुलांची, नारळांची, खाज्यांची दुकाने आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. पुस्तकांचे दुकान निघणार म्हटल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. "आपल्या गावात असले कधी झाले नाही!" मी विचारतो, देव तरी मूळचा इथला का? १५६० साली पोर्तुगीजांच्या धास्तीने श्रीमंगेश कुशस्थळीहून जुवारी ओलांडून इथे आले. त्या दिवशी कोणी "असे कधी झाले नाही" म्हणून दार लावले असते, तर आज हे क्षेत्र कुठे असते?

दुसरा आक्षेप असा, की नांगर आणि जाळे धरणाऱ्याला पुस्तक कशाला? अहो, रापणकार तर जुना पंचांगवाचक! तिथीची पाऊणपट करून तो भरतीचा अदमास बांधतो. अष्टमी म्हणजे सहाच्या सुमाराची भरती. याला वाचन नाही तर काय म्हणायचे?

आणि कुळांचे पाहा. २० एप्रिल १९७६ पासून कायद्याने कूळ कसत्या जमिनीचे मालक मानले गेले. पण मालक मानले जाणे वेगळे आणि कागद हाती येणे वेगळे. त्यासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. एक-चौदाच्या उताऱ्यावरचा कुळाचा रकाना ज्याला स्वतः वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. आणि ते तोंड कधी भाटकाराच्या बाजूचेही असते. म्हणून कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा सोप्या मराठीत या दुकानात आधी ठेवा. कादंबऱ्या मागाहून येऊ द्या. (मोबाईलवर सारे मिळते म्हणतात. मिळत असेल, पण खुणा करून कचेरीत न्यायला पुस्तकच बरे.)

भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. पोरे वाचायला शिकली, आणि घरात आरतीच्या पुस्तकापलीकडे वाचायला काही नाही! १६ जानेवारी १९६७ च्या कौलात आपल्या वाडवडिलांनी फुलाला १,३८,१७० मते दिली. दोन पानांना १,७२,१९१ पडली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हुकले, हा सल आपल्या घराघरांत आहे. पण पत्रादेवीच्या नाक्यावर मराठी पुस्तकाला कोणी अडवत नाही, मग ते आपल्या माजघरापर्यंत का पोचू नये?

दुकानदाराला माझे सांगणे: पुण्या-कोल्हापूरची पुस्तके न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर आणा. भाडे वह्या, पाट्या आणि पंचांगांवर काढा. पुस्तके काचेआड कोंडू नका. मासळी विकून आलेल्या बाईलाही हात पुसून पाने उलटू द्या. आणि तुम्ही चार घरांनी मिळून चार वेगळे दिवाळी अंक घ्या, मग अदलाबदल करा.

सोमवारी पालखी असते. त्या रात्री पालखी देवळात परतेपर्यंत दुकान उघडे राहील, असे मालकांनी कबूल केले आहे. येताना पोरांना घेऊन या.