जनरल कोणाचा?
(हिवरे बाजार येथील भाषण)

इथून नगरचं रणगाड्यांचं केंद्र लांब नाही. आपली पोरं भरतीसाठी पहाटे धावतात. बरंच आहे. पण मी विचारतो, धावून कुठवर पोचायचं?

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार झाले. पुढं जिनाच नव्हता. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. महायुद्ध पेटलं तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली अन् १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यातले कृष्णराव १९८१ मध्ये, सुंदरजी १९८६ मध्ये लष्करप्रमुख झाले. दोघंही महार नव्हते. नाव आपलं, तारे दुसऱ्यांचे! अधिकाऱ्याची वाट खडकवासल्याच्या परीक्षेतून जाते, तिथं राखीव जागा नाहीत. म्हणून धावताय तसं गणितही घोटा.

पण नुसते तारे पुरत नाहीत. सोमालियात लोहारकाम करणारी तुमाल जमात हीन मानतात. तिच्यातला मोहम्मद अली समतर जनरल झाला, १९८७ मध्ये पंतप्रधान झाला. १९८८ मध्ये त्याच्याच सरकारनं हर्गेसा या आपल्याच शहरावर बॉम्ब टाकले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं छळ आणि हत्यांबद्दल त्याच्यावर २.१ कोटी डॉलरची भरपाई लादली.

तेव्हा हुद्दा मिळवाच. पण बंदूक कोणावर रोखतोय, हे आधी बघा. जय भीम!