पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका

चिकन, बेकन आणि क्रीम घातलेला पास्ता हा इटालियन पदार्थ नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. इटलीतल्या रीतसर जेवणात आधी पास्ता येतो, तो संपला की मांस किंवा मासे वेगळ्या ताटलीत येतात. पास्त्यात कोंबडीचे तुकडे घालण्याची पद्धत तिथे जवळजवळ नाहीच. हा पदार्थ ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नोकरदार घरांचा. आठवड्याच्या मधला वार, घरी पोचायला सात वाजलेले, मुलं भुकेलेली. अशा वेळी अर्ध्या तासात सगळ्यांच्या पुढ्यात गरम ताट यावं म्हणून तो रुळला आणि टिकला. इटालियन म्हणून त्याची परीक्षा घेतली तर तो नापास होईल. कामाच्या दिवसाच्या रात्रीचं जेवण म्हणून पाहिलं, तर नीट जमलेला हा पास्ता फार चांगला लागतो. आणि तो क्रीममुळे जमत नाही. तो जमतो पास्ता उकळलेल्या पाण्यामुळे, जे बहुतेक घरांत मोरीत ओतून दिलं जातं.

त्याची मुळं मात्र रोममध्येच सापडतात, तीही दोन. पहिलं मूळ आल्फ्रेदो दी लेलियो या खानावळवाल्याचं. 1908 मध्ये बाळंतपणानंतर त्याच्या बायकोची अन्नावरची वासना गेली होती, तेव्हा त्याने ताज्या फेत्तुचिने पास्त्यात भरपूर लोणी आणि पार्मेजान चीज कालवून तिला भरवलं, अशी हकिगत त्याच्या घराण्यात सांगतात. 1920 मध्ये मूकपटांच्या जमान्यातलं गाजलेलं जोडपं, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स, मधुचंद्रासाठी रोमला गेलं आणि या पास्त्यावर खूश झालं. पुढे 1927 मध्ये त्यांनी आल्फ्रेदोला सोन्याचा काटा आणि चमचा भेट दिला. मग अमेरिकेत ‘आल्फ्रेदो’ घरोघर पोचला, पण जाताना त्यात क्रीम शिरलं. रोममधल्या मूळ पदार्थात क्रीमचा थेंबही नव्हता. लोणी, चीज आणि पास्त्याचं गरम पाणी, एवढ्यावरच तो दाट होत असे.

दुसरं मूळ कार्बोनाराचं. अंडी, चीज, मिरपूड आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, म्हणजे ग्वांचाले, यांचा हा पास्ता आज रोमचा मानबिंदू समजला जातो. पण आदा बोनी यांच्या 1930 च्या रोमन पाककृतींच्या पुस्तकात तो नाही. जून 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा रोममध्ये शिरल्या. अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात बेकन होतं, अंड्याची पूड होती, आणि उपाशी शहरात पास्ता शिजवणारे हात होते. कार्बोनारा त्या भेटीतून जन्मला, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याची छापील कृती 1952 मध्ये शिकागोत निघालेल्या एका पुस्तकात आढळते, आणि ‘ला कुचीना इतालियाना’ या इटालियन मासिकात ती आली 1954 च्या ऑगस्टमध्ये. त्या कृतीत लसूण होता आणि चीज होतं ग्रुयेर, तेही स्वित्झर्लंडचं! 1960 मध्ये लुइजी कार्नाचिना या नामवंत इटालियन पाकतज्ज्ञाने कार्बोनारात क्रीमही घातलं. ‘कार्बोनारात क्रीम म्हणजे पाप’ हा आजचा दंडक त्यामानाने बराच अलीकडचा आहे. ज्यांना चिकन-बेकनच्या पास्त्यात क्रीम घालताना अपराधी वाटतं, त्यांनी हा इतिहास जरूर ध्यानात ठेवावा.

ब्रिटनमध्ये पास्ता रुळायला वेळ लागला. डब्यातली टोमॅटोच्या रसातली स्पॅगेटी लोकांना माहीत होती, पण तेवढीच. 1 एप्रिल 1957 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात रिचर्ड डिंबलबी यांच्या धीरगंभीर आवाजात एक वृत्तांत दाखवला गेला: स्वित्झर्लंडमध्ये झाडांना स्पॅगेटी लागली आहे आणि बायका ती तोडून उन्हात वाळवताहेत. कित्येकांना ते खरं वाटलं, आणि असं झाड कसं लावायचं याची काहींनी बीबीसीकडे चौकशीही केली. बेकनची गोष्ट याच्या उलट, ते तर त्यांच्या न्याहारीचा प्राण. युद्धकाळात जानेवारी 1940 मध्ये त्यावर रेशन आलं, माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे जेमतेम 113 ग्रॅम. हे रेशन उठलं 4 जुलै 1954 ला. एलिझाबेथ डेव्हिड यांचं इटालियन स्वयंपाकावरचं पुस्तक इंग्लंडमध्ये निघालं तेही त्याच वर्षी. पुढच्या काही दशकांत पोल्ट्रीमुळे कोंबडी स्वस्त झाली, घरोघर फ्रिज आले, क्रीम कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागलं, आणि बेकन, कोंबडी, क्रीम हे तिन्ही जिन्नस एका कढईत आले.

आता पाण्याकडे वळू. पास्ता उकळताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि पाणी गढूळ होतं. भाताच्या पेजेला जो दाटपणा असतो, तोच हा. या पाण्यातला स्टार्च चरबीच्या बारीक थेंबांना धरून ठेवतो, म्हणून बेकनची चरबी, क्रीम आणि पाणी वेगवेगळं न राहता मिळून येतं. चीजचंही तसंच. जास्त तापलं की चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मध्ये स्टार्च असला की त्या होत नाहीत. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने चीज आणि मिरपुडीच्या काचो ए पेपे या रोमन पास्त्यावर प्रयोग करून नेमकं प्रमाण काढलं: चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च हवा. एक टक्क्याच्या खाली गेलं की चीज गोळा होऊ लागतं. 160 ग्रॅम चीजला 4 ग्रॅम स्टार्च, असं त्यांचं माप आहे. 2025 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. स्वयंपाकघरात रोज उपयोगी पडणारं असं संशोधन विरळाच.

म्हणून आधण मोठ्या पातेल्यात ठेवायचं नाही. पास्त्याला भरपूर पाणी लागतं, 100 ग्रॅमला एक लिटर, असं इटालियन पुस्तकं सांगतात. हॅरॉल्ड मॅकगी या अमेरिकी लेखकाने 2009 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये याची झाडाझडती घेतली आणि जवळपास साडेचारशे ग्रॅम पास्ता दीड-दोन लिटर पाण्यातही छान शिजतो, फक्त अधूनमधून ढवळावं लागतं, असं दाखवून दिलं. पाणी कमी, म्हणजे स्टार्च घट्ट, आणि गॅसचीही बचत. चौघांसाठी 350 ग्रॅम पास्ता आणि दोन लिटर पाणी पुरे. मीठ मात्र हात राखून घालावं. इटलीत लिटरला 10 ग्रॅम घालतात, पण इथे बेकन खारट, चीज खारट, आणि वर हेच पाणी सॉसमध्ये जाणार. त्यामुळे निम्मंच घालावं.

आधण चढलं की बेकनकडे. ब्रिटनमध्ये पाठीच्या मांसाचं बेकन जास्त चालतं, पण या पदार्थाला पोटाकडचं, चरबीचे पट्टे असलेलं स्ट्रीकी बेकन हवं. 120 ग्रॅम बेकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून थंड कढईत, तेल न घालता टाकायचे आणि मग मंद आच सुरू करायची. गरम कढईत टाकलं तर कडा करपतात आणि चरबी आतच अडकते. मंद आचेवर आधी पांढरी चरबी काचेसारखी पारदर्शक होते, मग तुकड्यांभोवती बारीक बुडबुडे येतात. सुरुवातीला पाणी उडत असतं म्हणून चरचर मोठी असते. ती ओसरून फेस बारीक झाला की तुकडे कुरकुरीत होत आले असं समजावं. याला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात चिकन कापून होतं.

चिकन मांडीचं, बिनहाडाचं घ्यावं, 400 ग्रॅम. छातीचं चिकन या कामाला सोपं वाटतं, पण दोन मिनिटं जास्त झाली की वातड होतं. कोणतंही चिकन नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात, आणि याच कारणासाठी ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने 2014 मध्ये खास मोहीम काढली होती. चिकन कागदाने कोरडं टिपून घ्यावं. बेकन काढून ठेवलं की पास्ता आधणात सोडावा, आणि बेकनच्याच चरबीत चिकनचे तुकडे एका थरात लावावेत आणि तीन मिनिटं अजिबात हलवू नयेत. खालची बाजू तांबूस झाली की उलटायचे. ओल्या आणि सतत ढवळलेल्या चिकनला हा रंग येत नाही, नुसतं पाणी सुटतं. सगळ्यात जाड तुकडा आतून 74 अंशांवर गेला की चिकन खाण्याजोगं झालं. तेही बेकनजवळ काढून ठेवावं.

आता कढईच्या बुडाला जे तपकिरी चिकटलं आहे, त्यात सगळी चव आहे. दोन पाकळ्या लसूण ठेचून अर्धा मिनिट परतावा आणि पास्त्याचं पाऊण वाटी पाणी ओतून उलथन्याने बूड खरवडावं. मग क्रीम, फक्त 150 मिलिलिटर. इथे देशादेशांत फरक पडतो. ब्रिटनच्या डबल क्रीममध्ये 48 टक्के स्निग्धांश असतो, अमेरिकेच्या हेवी क्रीममध्ये किमान 36, आणि आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25. स्निग्धांश जितका जास्त, तितकं क्रीम उकळीला टिकतं. आपलं क्रीम मोठ्या आचेवर फाटू शकतं, म्हणून ते मंद आचेवर घालावं आणि लिंबू पिळायचं असेल तर ताटात. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढून सरळ कढईत टाकावा आणि उरलेली दोन मिनिटं सॉसमध्येच शिजू द्यावा. मूठभर मटार टाकायचे तर आत्ताच. चिकन-बेकन परत घालून गॅस बंद करावा, आणि मगच 50 ग्रॅम किसलेलं चीज. घट्ट झालं तर पुन्हा थोडं पाणी. चमचा उचलल्यावर सॉस त्याला लपेटून राहिला, तर जमलं.

पास्ता कोणता, यावर फार वेळ घालवू नये. पेने, फुसिली, जो हाताशी असेल तो. पाकिटावर ‘ड्युरम’ मात्र लिहिलेलं हवं. इटलीत 1967 च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेलं एमएसीएस 4028 हे वाणही ड्युरमचं. मैद्याचा पास्ता पाण्यात लगदा होतो, आणि मग वर सांगितलेली सगळी मेहनत वाया जाते.

बेकन मुंबई-पुण्याच्या कोल्ड स्टोअरेजच्या दुकानांत आणि गोव्यात सहज मिळतं. गोव्याचं चोरिस सॉसेज मात्र इथे वापरू नये. त्यातल्या व्हिनेगरने क्रीम फाटतं आणि मिरचीपुढे बाकी सगळं मागे पडतं. डुक्कर न खाणाऱ्यांनी टर्की किंवा चिकनचं बेकन घ्यावं, पण त्याला चरबी कमी सुटते, म्हणून एक चमचा लोणी आधी घालावं. आणि बेकन कोणतंही असो, त्याचं प्रमाण वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये खारवून, धुरावून प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या कृतीत माणशी 30 ग्रॅम बेकन येतं आणि हा पास्ता रोज होणार नाही. चवीपुरतं बेकन आणि पोटभरीला चिकन, ही विभागणी योग्यच आहे.

जेवणाऱ्यांना ताटावर आधी बसवावं आणि मग चीज घालावं, कारण हा सॉस पाच मिनिटांतच घट्ट होऊ लागतो. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचं असेल तर कढईत दोन-तीन चमचे पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर, ढवळत, वाफ येईपर्यंत गरम करावं. मायक्रोवेव्हमध्ये एकदम पूर्ण जोरावर ठेवलं, तर चरबी वेगळी होऊन तळाशी जमते.